शेवटच्या ओळीतले नऊ

नहीरा गावच्या मशिदीत प्रवचन देणाऱ्या खतीब मुफर्रिजने एकवीस वर्षे दर शुक्रवारी काहिऱ्याच्या खलिफाचे नाव घेतले होते. बाविसाव्या वर्षी, रजब महिना संपता संपता, अमीर मुकल्लदने त्याला गढीवर बोलावून घेतले आणि सांगितले की येत्या शुक्रवारपासून खुत्ब्यात, म्हणजे नमाजेआधीच्या प्रवचनात, नाव बगदादच्या खलिफाचे घ्यायचे, आणि त्यामागोमाग तुर्कांच्या सुलतानाचे.

फुरात नदीच्या पलीकडच्या काठावर तुर्कांचे तंबू पडून तेव्हा बारा दिवस झाले होते. गढीच्या खिडकीतून ते दिसत. अमीर त्या खिडकीकडे पाठ करून बसला होता.

"नाव तर घ्यायचंय, अबू शिब्ल," अमीर म्हणाला. "जीव थोडाच द्यायचाय."

काहिऱ्याला काय कळवायचे, असे मुफर्रिजने विचारले.

"ते मी कळवलंय. लिहिलंय, मुकल्लदची जीभ तुर्कांनी नेली, काळीज अजून तुमच्याच पायाशी आहे." अमीर हसला. तो हसतमुख माणूस होता, आणि त्याच्या बापाने व आज्याने याच हसण्याच्या जोरावर दोन दरबारांच्या मधोमध ही गढी टिकवली होती.

मग त्याने अटी सांगितल्या. सलग तीन शुक्रवार बगदादचे नाव घेतले गेले पाहिजे. ते रीतसर घेतले गेले की नाही हे पाहायला सुलतानाचा एक फकीह, धर्मशास्त्राचा पंडित, गावात येऊन राहील. तोवर गावातल्या सहा घरांतला एकेक तरुण तुर्कांच्या छावणीत ओलीस राहील. तिसरा शुक्रवार पार पडला आणि फकीहने तसे पत्र दिले, की सहाही जण होडीने परत. नाही दिले, तर त्या सहा जणांचे काय करायचे ते तुर्क ठरवतील.

सहा घरांत एक घर खतीबाचे होते. शिब्ल, त्याचा एकुलता एक मुलगा, ज्याच्यावरून त्याला अबू शिब्ल म्हणत, बावीस वर्षांचा, दुसऱ्याच दिवशी सकाळी होडीत बसून पलीकडे गेला. जाताना आईला म्हणाला, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, तुर्कांच्या घोड्यांवर बसायला मिळेल.

फकीहचे नाव हिबतुल्ला. आमिद शहराचा माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा, शाफई पंथाचा. त्याने येताना खतीबासाठी काळा झगा आणला होता, कारण काहिऱ्याचा रंग पांढरा आणि बगदादचा काळा. झगा खतीबाच्या हातात देऊन त्याने विचारले, "तुमच्याकडे शुक्रवारच्या नमाजेला माणसं किती असतात?"

"तीनशे. सणाला चारशे."

"छान. आमच्या पंथात चाळीस लागतात. तुम्हाला धरून चाळीस. एक जरी कमी पडला तर ती शुक्रवारची नमाज नव्हे. नमाज नाही म्हणजे खुत्बा नाही, आणि खुत्बा नाही म्हणजे नाव घेतलंच नाही."

मुफर्रिजने मान डोलावली. चाळीस म्हणजे काहीच नाही, असे त्याला वाटले.

पण बातमी गावात फिरली आणि दोन दिवसांत मशिदीतल्या चटया कमी होऊ लागल्या. ज्यांनी त्या विणून दिल्या होत्या तेच लोक येऊन, गुंडाळून, खांद्यावर टाकून घेऊन गेले. भांडण कोणी केले नाही. म्हाताऱ्या विणकराने मुफर्रिजला दारातच सांगितले की तुझ्यावर राग नाही, तुझा मुलगा तिकडे आहे, तुला जे करायचे ते कर. आम्ही घरी नमाज पढू. अमीराने जोर करावा म्हणून मुफर्रिज पुन्हा गढीवर गेला. अमीराने खूप हळहळ व्यक्त केली आणि काहीच केले नाही. पायऱ्या उतरताना मुफर्रिजच्या लक्षात आले, की रिकामी मशीद अमीराला हवीच आहे. तुर्कांना सांगता येईल की नाव घेतले. काहिऱ्याला सांगता येईल की ते ऐकायला कोणी आले नाही. अमीराचा मुलगा छावणीत नव्हता.

मग मुफर्रिज दारोदार फिरला. गावात बगदादला मानणारी एकोणीस माणसे होती. त्यांत उंटांची खोगिरे शिवणारा नसरून होता. त्याने खतीबाला ओसरीवर बसवून पाणी दिले आणि मनाजोगते बोलून घेतले.

"एकवीस वर्षं आम्ही तुमच्यामागे मान खाली घालून उभे राहिलो, खतीबसाहेब. तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता तुम्ही घाला. सवय होते हो."

"येशील ना पण?"

"येईन. शिब्लसाठी येईन. खलिफा गेला उडत, दोन्हीकडचा."

ओलीस दिलेल्या इतर घरांतले बाप, भाऊ, चुलते मिळून अकरा निघाले. एकोणीस आणि अकरा तीस. स्वतः खतीब एकतीस. गढीवरचे शिपाई बाहेरगावचे, फकीहच्या कायद्यात ते धरता येत नव्हते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मुफर्रिजने ज्या दारावर थाप मारली नाही असे दार गावात उरले नाही. नऊ कमी ते कमीच राहिले.

शुक्रवारी दुपारी ऊन पांढरे पडले होते. मुफर्रिजने काळा झगा चढवला. झग्याला कापराचा वास येत होता. खतीबाच्या रीतीप्रमाणे हातात तलवार घेऊन तो मिंबराच्या, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याच्या, पायऱ्या चढला, वर जाऊन लोकांकडे तोंड केले आणि सवयीने नजर फिरवली. पुढच्या दोन ओळींत त्याची माणसे होती. त्याने मोजली. तीस. मशीद एवढी मोठी त्याला कधी वाटली नव्हती.

पार मागे, कमानींच्या खाली, जिथे भिंतीला लागून सावली होती, तिथे आणखी एक ओळ बसली होती.

त्याने ती मोजली. नऊ.

चेहरे दिसत नव्हते. बाहेरचे ऊन डोळ्यांत होते. पण माणसे होती. खांद्याला खांदा लावून, मांडी घालून बसली होती. कोणीतरी उशिरा का होईना विरघळले होते. त्याने खुत्बा सुरू केला, ठरल्या जागी बगदादचे नाव घेतले, सुलतानाचे घेतले, आणि पुढच्या ओळींनी पुटपुटत आमीन म्हटले. मागून आवाज आला नाही.

फकीह दाराजवळच्या खांबाला टेकून उभा होता. मोजायची त्याची एक पद्धत होती. उजव्या खिशात ऑलिव्हच्या बिया असत. एका माणसामागे एक बी डाव्या खिशात. उजवीकडून डावीकडे एकदा मोजून झाले की तो डावीकडून उजवीकडे पुन्हा मोजी आणि बिया परत उजव्या खिशात येत. नमाज संपली, मुफर्रिजने उजव्या आणि डाव्या खांद्यावर मान वळवून सलाम केला आणि मागे वळून पाहिले, तेव्हा कमानींखाली कोणी नव्हते. निघून गेले असतील. लाज वाटत असेल.

"चाळीस," फकीह म्हणाला. "मागचे नऊ जण हात मोकळे सोडून उभे होते. काहिऱ्यावाल्यांसारखे, आमच्यासारखे बांधून नाही. चालतं ते. माणूस मोजायचा, हात नाही."

मुफर्रिजने नसरूनला गाठून विचारले की मागे कोण आले होते, त्यांचे आभार मानायला हवेत. नसरून दुसऱ्या ओळीत, म्हणजे त्या माणसांच्या बरोबर पुढे होता. तो चपला पायात सरकवत थांबला.

"मागे? माझ्यामागे ओळ नव्हती."

"नऊ जण होते. फकीहने मोजले."

"मग त्याला विचारा." नसरूनने मागे वळून कमानींकडे पाहिले नाही. "सजद्याला वाकताना कपड्यांची सळसळ होते, खतीबसाहेब. गुडघे मोडतात, कुणीतरी खोकतं. माझ्यामागे काही नव्हतं. फक्त पाठ गार पडली होती. भर उन्हाळ्यात."

मुफर्रिजने बायकोला हे सांगितले नाही. चाळीस झाले एवढेच सांगितले. तिने मसुराचे कालवण आणि वाळलेली अंजिरे डब्यात भरली आणि होडीवाल्याबरोबर पलीकडे पाठवली. डबा दुसऱ्या दिवशी रिकामा, घासून परत आला. शिब्लच्या हातचा नव्हता. तो कधीच इतका स्वच्छ घासत नसे. पण होडीवाला म्हणाला, पोरगा बरा आहे, तुर्कांकडून शिव्या शिकलाय.

दुसऱ्या शुक्रवारी मुफर्रिज लवकर गेला. दाराशी बसून आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याने नाव घेऊन सलाम केला. दोघे तापाने पडले होते, आलेच नाहीत. अठ्ठावीस माणसे आत गेली; त्याला धरून एकोणतीस. मग त्याने स्वतः दार ओढून घेतले. दुसरे दार त्या मशिदीला नव्हते.

तो मिंबरावर चढला. कमानींखाली अकरा जण बसले होते.

त्या दिवशी आकाशात पातळ ढग होते, डोळ्यांत ऊन नव्हते. त्याने एकेक चेहरा पाहिला. डावीकडून पहिला गालिब होता, विहिरी खणणारा. अकरा वर्षांपूर्वी बाजाराची विहीर खणताना कड ढासळून तो गेला होता. त्याला वर काढायला दीड दिवस लागला होता, आणि त्याच्या जनाज्याची नमाज मुफर्रिजनेच पढवली होती. त्याच्या शेजारी धाकटा कुंभार बसला होता. त्याच्या पलीकडे मुफर्रिजचा स्वतःचा मेहुणा, ज्याचे कफन त्याने हाताने बांधले होते. सगळे गावचे. सगळ्यांना त्याने पुरले होते, काहिऱ्याच्या रीतीप्रमाणे पाच वेळा तकबीर, अल्लाहू अकबर, म्हणून. बगदादचे नाव ऐकायला हयातीत यांच्यातला एकही इथे थांबला नसता.

ते रागावलेले दिसत नव्हते. दुःखीही नाही. कामाला बोलावलेली माणसे जशी काम सुरू व्हायची वाट पाहत बसतात, तशी ती बसली होती. वजू करून, हातपाय धुऊन, आलेल्या लोकांच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर होते. ते दुसऱ्या ओळीपर्यंत येऊन थांबत होते. त्यामागची फरशी कोरडी होती.

मुफर्रिजच्या हातातली तलवार पायरीवर आपटली आणि त्या आवाजाने तो भानावर आला. त्याने खुत्बा पढला. नाव घेतले. खाली उतरून तो किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ आता त्यांच्याकडे होती. उभ्या आयुष्यात त्याला नमाज एवढी लांब वाटली नव्हती.

"चाळीस," फकीह म्हणाला. मग त्याने कागद काढला. "आता एक साक्ष लागेल, खतीबसाहेब. चाळीसही जण वयात आलेले, कुणाचे गुलाम नसलेले आणि गावात कायम राहणारे हवेत. उन्हाळा असो हिवाळा असो, गाव सोडून न जाणारे. पुढच्या दोन ओळींतल्यांची चौकशी मी केलीय. मागच्यांना मी ओळखत नाही. बाहेर पडताना मला ते भेटतही नाहीत."

मुफर्रिजने नदीकडे पाहिले. मशिदीच्या दारातून तंबूंची टोके तेवढी दिसत होती.

"गावचेच आहेत," तो म्हणाला. "वयात आलेले. कुणाचे गुलाम नाहीत."

"आणि सोडून जाणारे?"

"जात नाहीत ते कुठे."

फकीहने लिहून घेतले आणि मुफर्रिजने खाली सही केली. सही करताना त्याचा हात स्थिर होता. हे नंतर त्याला आठवले तेव्हा स्वतःचीच भीती वाटली.

त्या दिवशी त्याने बायकोला सगळे सांगितले. ती मैदा चाळत होती. चाळणी न थांबवता तिने कोण कोण होते ते विचारले. आपल्या भावाचे नाव ऐकल्यावर तिची चाळणी थांबली.

"बारीक झालाय का?"

"नाही. होता तसाच आहे."

"बगदादच्या नावाला तो उठून गेला नाही?"

"बसून होता."

"गाव त्याचंही आहे ना," ती म्हणाली, आणि जराशाने पुन्हा चाळू लागली.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारपासून तुर्कांनी होड्या बंद केल्या. छावणी हलवायची तयारी चालली आहे, असे फकीहने सांगितले. शिब्लच्या आईने, उम्म शिब्लने, भरलेला डबा तसाच राहिला. मुफर्रिज शुक्रवारची वाट पाहत राहिला. तापातले दोघे बरे झाले होते. पुन्हा एकतीस झाले होते. म्हणजे नऊ येतील. नऊ येतील याची त्याला आता खात्री होती, आणि त्या खात्रीचा त्याला आधार वाटत होता.

तिसऱ्या शुक्रवारी तो मिंबरावर चढला आणि त्याने पाहिले. नऊ होते. गालिब होता. कुंभार होता, मेहुणा होता. आठ ओळखीचे, गेल्या वेळचेच. उजव्या टोकाला नववा.

उजव्या टोकाला शिब्ल बसला होता.

मुफर्रिजला पहिल्यांदा वाटले, लवकर सोडले त्याला. वाटले की होडी आली असेल, पोरगा थेट इथेच आला असेल, नमाज चुकू नये म्हणून. एक पाऊल त्याने खालच्या पायरीवर टाकलेसुद्धा. मग त्याला फरशी दिसली. नसरूनच्या मागे ती कोरडी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिब्लच्या केसांत, कानामागे, ओली माती होती. ती अजून वाळली नव्हती.

पुढच्या दोन ओळी मान वर करून खतीबाकडे पाहत होत्या. त्यात पाच घरांची माणसे होती. खतीब गप्प का, हे त्यांना कळत नव्हते. कोणाचा तरी बाप ओठ हलवत होता. दाराशी फकीह उभा होता, आणि त्याचा हात उजव्या खिशात होता.

मुफर्रिजने पाऊल परत वर घेतले. त्याने खुत्बा सुरू केला. देवाची स्तुती केली, पैगंबरावर सलाम म्हटला. बगदादच्या खलिफाचे नाव त्याने शिब्लकडे पाहत घेतले, सगळ्या पदव्यांसकट, एकही न गाळता. सुलतानाचे घेतले. आवाज एकदाही अडखळला नाही. शिब्ल ऐकत होता. लहानपणी खुत्बा चालू असताना तो हमखास पेंगायचा. आज पेंगला नाही.

नमाजेला सगळे उभे राहिले तेव्हा, पाठ करण्याआधी, मुफर्रिजने एकदा पाहिले. पोरगा डाव्या पायावर भार टाकून, एक खांदा पाडून उभा होता. नीट उभा राहा म्हणून त्याला हजारदा सांगून झाले होते.

नमाज संपल्यावर तो मागे वळला नाही. लोक उठून गेले, मग फकीह जवळ आला.

"चाळीस," तो म्हणाला. "तीन शुक्रवार पुरे झाले. पत्र आजच देतो." मग त्याने घसा साफ केला. "खतीबसाहेब, जरा बाजूला चला. एक बोलायचंय."

"शिब्लबद्दल."

फकीह थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं? मंगळवारपासून माझ्या निरोप्याखेरीज पलीकडून कुणी आलेलं नाही."

"काय झालं होतं?"

"ताप. छावणीत पाच-सात जणांना आला. सोमवारी रात्री गेला तो. मंगळवारी पहाटे पुरला, पलीकडच्या उबैदा गावाच्या टेकडीशी. रीतसर, धुऊन, कफन घालून. मी लिहून खात्री करून घेतली." त्याने मुफर्रिजकडे पाहिले आणि नजर वळवली नाही. "होड्या मीच बंद करायला सांगितल्या. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही आज वर चढला नसता. आणि बाकीचे पाच जण तिकडेच राहिले असते."

"बरोबर केलंत," मुफर्रिज म्हणाला.

फकीहला हे उत्तर अपेक्षित नव्हते. तो काही बोलणार तोच मुफर्रिजने विचारले, "शेवटच्या ओळीत, उजव्या टोकाला, एक तरुण होता. डाव्या पायावर भार देऊन उभा. त्याची बी टाकलीत का?"

"टाकली. का?"

"तुम्ही माझ्या मुलाला कधी पाहिलं होतं?"

"नाही."

"आज पाहिलंत."

फकीह खाली बसला, खिसा उलटा केला आणि बिया फरशीवर ओतल्या. एकेक सरकवत मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"आणि बाकीचे आठ?" त्याने वर न पाहता विचारले.

"गावचेच. मी साक्ष दिलीय तशी."

"आता सांगा," मुफर्रिज म्हणाला. "चाळीस झाले की नाही?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. फकीहने बिया मुठीत गोळा केल्या. दोन निसटून खाली पडल्या, त्या त्याने पुन्हा उचलल्या.

"किब्ल्याकडे तोंड होतं. ओळ सरळ होती. गावचे होते," तो सावकाश म्हणाला. "ग्रंथात म्हटलंय, माणसं मोजा. श्वास मोजा असं कुठे म्हटलेलं नाही. चाळीस झाले."

पत्र लिहून, मोहोर लावून तो दुपारीच निघाला. अमीराने मेजवानीसाठी दोन मेंढे कापले होते. त्यासाठी थांबला नाही. तिसऱ्या प्रहरी होडीतून पाच जण आले. घाटावर सहा घरांतल्या बायका उभ्या होत्या, आणि उम्म शिब्ल त्यांत होती, कारण मुफर्रिज घरी जाऊन तिला सांगेपर्यंत ती निघून गेली होती.

तुर्क निघून गेले तरी त्यांचे वजन गेले नाही. बगदादचे नाव चालू राहिले. मशिदीत माणसे तेवढीच यायची, हळूहळू त्याहून कमी. दोन म्हातारे वारले, एक घर दुसऱ्या गावी गेले. मोजायला आता कोणी उभे राहत नव्हते, पण मुफर्रिज मोजत असे, आणि दर शुक्रवारी चाळीस भरत. कमानींखालची ओळ लांब होत गेली. शिब्ल नेहमी उजव्या टोकाला बसे. त्याच्या केसांतली माती वाळून गेली होती.

शुक्रवारी दुपारी मुफर्रिज घरी आला की उम्म शिब्ल ताट वाढून बसलेली असे. ती एकदाच विचारी.

"कसा होता?"

"बरा होता."

कधी ती आणखी काही विचारी. दाढी वाढवलीय का, मामाच्या शेजारी बसतो का. मामाच्या शेजारी नाही, गालिबच्या शेजारी असतो, असे तो सांगे. गालिब चांगला माणूस होता, ती म्हणे, आणि जेवायला लागे. मुफर्रिज खुत्बे लांबवू लागला होता. नसरून एकदा म्हणाला की खतीबसाहेब, बगदादच्या खलिफावर तुमचा फारच जीव जडलेला दिसतो, त्याला स्वतःलाही एवढ्या पदव्या ठाऊक नसतील.

पुढच्या वर्षी वसंतात सुलतान पूर्वेकडच्या लढाईत गुंतला आणि काहिऱ्याचे सैन्य दक्षिणेकडून वर सरकले. अमीर मुकल्लदची जीभ त्याला परत मिळाली. काहिऱ्याहून पांढरा झगा आला, आणि झग्याबरोबर एक गोरा, बडबड्या दूत आला, ज्याने गावच्या निष्ठेचे तोंड भरून कौतुक केले. गेल्या वर्षभर मशीद रिकामी होती, हे अमीराने त्याला तीनदा सांगितले होते.

मुफर्रिजने त्या दूताला एकच विचारले. शुक्रवारच्या नमाजेला माणसे किती लागतात?

"आपल्याकडे? पाच पुरेत," दूत हसत म्हणाला. "पण काळजी नको, अख्खं गाव येणार आहे."

अख्खे गाव आले. गुरुवारीच चटया खांद्यावरून परत आल्या आणि अंथरल्या गेल्या. शुक्रवारी साडेतीनशे माणसे होती. मुले खांबांवर चढली होती. म्हाताऱ्या विणकराने मुफर्रिजला मिठी मारली आणि तो रडला. मुफर्रिज पांढऱ्या झग्यात मिंबरावर चढला आणि कमानींकडे पाहिले. भिंतीपर्यंत माणसे होती. उजव्या टोकाला एक रंगारी बसला होता, कोपरापर्यंत निळा, आणि शेजाऱ्याला कोपर मारून जागा मागत होता. ओले ठसे चटयांवर पार भिंतीपर्यंत उमटले होते.

त्याने काहिऱ्याचे नाव घेतले. आमीनचा असा आवाज उठला की छपरातली कबुतरे उडाली.

घरी आला तेव्हा ताट वाढलेले होते.

"कसा होता?"

"नव्हता."

तिने हातातली भाकरी खाली ठेवली. "जागा नव्हती का?"

"माणसं होती. पुरेशी होती," मुफर्रिज म्हणाला. "आता त्यांची गरज नाही कुणाला."

दोघे जेवले नाहीत. पुढचा शुक्रवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. चौथ्या आठवड्यात मुफर्रिज अमीराकडे गेला आणि म्हणाला, वय झाले, दुसरा खतीब पाहा. अमीराला आश्चर्य वाटले. एकवीस वर्षे ज्या नावासाठी उभा राहिलास ते परत आले आणि आता जातोस? मुफर्रिजने पांढरा झगा घडी करून त्याच्यासमोर ठेवला.

मग तो घाटावर गेला आणि होडीवाल्याशी बराच वेळ बोलत बसला. घरी आला तेव्हा उम्म शिब्ल दारातच होती.

"पलीकडे उबैदा आहे," तो म्हणाला. "टेकडीखाली. बगदादला मानणारं गाव, शाफई. मशीद आहे, मिंबरही आहे. पण शुक्रवारची नमाज कधी होत नाही."

"का?"

"माणसं कमी पडतात."

टेकडी कोणती ते तिला सांगावे लागले नाही. तिने ओढणीच्या टोकाने हात पुसले.

"किती आहेत?"

"चौतीस."

"तुम्हाला धरून?"

"मला धरून."

चाळिसाला किती कमी, ते तिने बोटांवर मोजले.

"मग होडी सांगून या," ती म्हणाली, आणि भांडी बांधायला आत गेली.